तंजावरचा वेढा, १७५८ : युद्धखेळ खेळणाऱ्यांसाठी एक पाठ



संगणकावरचा युद्धखेळ म्हटला की बहुतेक पालकांच्या डोळ्यांपुढे बंदुकीचा धडधडाट आणि पडद्याला नाक लावून बसलेला मुलगा उभा राहतो. या पाठाचा विषय तो खेळ नाही. इथे ज्या खेळांविषयी लिहायचे आहे ते दिसायला अगदी रूक्ष असतात. पडद्यावर नकाशा, नकाशावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे आणि त्या घरांत आकडे लिहिलेल्या चौकोनी सोंगट्या, एवढेच. २०१० साली आलेला ‘वॉर इन द ईस्ट’ हा खेळ घ्या. जर्मनी आणि रशिया यांच्यातले १९४१ ते १९४५ चे युद्ध त्यात आहे. एक घर म्हणजे दहा मैल आणि एक फेरी म्हणजे एक आठवडा. सगळे युद्ध खेळायचे तर दोनशेच्या वर फेऱ्या होतात. जर्मन बाजू घेणाऱ्याचा निम्मा वेळ तर रशियाचे रुंद रूळ बदलून आपली आगगाडी पुढे कशी आणायची या विचारातच जातो.

असला खेळ कोणी आवडीने का खेळावा? वयाने मोठी, नोकरी-धंदा सांभाळणारी माणसे वर्षानुवर्षे तो खेळत आली आहेत, म्हणजे त्यात काहीतरी ओढ असलीच पाहिजे. ती ओढ कशाची, हे सांगायला मी रशियाऐवजी तंजावरला जातो. तिथले एक उदाहरण या विषयाला चपखल बसते आणि ते आपल्या घरचेही आहे.

व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा मोठा मराठी शिलालेख सहलीला गेलेल्यांनी पाहिलाही असेल. तो १८०३ चा, सरफोजीराजांच्या काळातला. आपली गोष्ट त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधीची आहे. तेव्हा गादीवर प्रतापसिंहराजे होते. युरोपात सात वर्षांचे युद्ध पेटले होते आणि त्याच्या ठिणग्या कावेरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पडत होत्या.

एप्रिल १७५८ च्या अखेरीस काउंट लाली हा फ्रेंच सेनापती पाँडिचेरीला उतरला. जूनच्या सुरुवातीला त्याने इंग्रजांचा फोर्ट सेंट डेव्हिड घेतला. पुढचे लक्ष्य मद्रास हे उघड होते, पण तिजोरीत पैसा नव्हता आणि आरमाराचा प्रमुख दाशे साथ द्यायला तयार नव्हता. तेव्हा कोणीतरी एक जुना कर्जरोखा आठवून दिला. काही वर्षांपूर्वी प्रतापसिंहांनी चंदासाहेबाला दडपणाखाली लिहून दिलेला छप्पन्न लाखांचा रोखा पुढे फ्रेंचांच्या हाती आला होता. तंजावर श्रीमंत आहे, राजा काही मोठा लढवय्या नाही, जाऊन वसूल करावे, असा हिशेब झाला. १८ जूनला लाली निघाला.

इथे थोडे थांबा आणि हेच दृश्य ‘एम्पायर : टोटल वॉर’ या खेळात कसे दिसेल ते मनात आणा. २००९ चा हा खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल, कारण अठराव्या शतकावरच्या या खेळात मराठ्यांची बाजू घेता येते. खेळ देखणा आहे, त्यातली लढाईही रंगते. पण त्यातले सैन्य परमुलखात वर्षभर हिंडले तरी उपाशी मरत नाही. पगाराचे पैसे खजिन्यातून कापले गेले की काम भागते. त्या खेळात लाली पाँडिचेरीहून निघेल, एक-दोन फेऱ्यांत तंजावरला पोहोचेल, तोफा लावेल, तट फोडेल आणि खजिना घेऊन परत येईल. खेळाडूला वाटेल, आपण झकास मोहीम केली.

खरे काय झाले ते आता पाहू.

लालीने निघताना धान्य बरोबर घेतले नव्हते, कारण वाटेत मिळेल असे त्याने धरले होते. त्याने तसे धरावे यात आश्चर्य नाही. कावेरीचे खोरे म्हणजे भाताचे कोठार. देवीकोट्टईला फौज पोहोचली तेव्हा भात मिळालाही, पण तो न कांडलेला होता. उखळे नाहीत, मुसळे नाहीत, कांडणारी माणसे गाव सोडून गेलेली. भुकेल्या शिपायांपुढे भाताची रास आहे आणि खायला दाणा नाही, अशी अवस्था झाली. कारैकाल हे तर फ्रेंचांचे स्वतःचे बंदर. तिथे सगळे तयार असेल अशी आशा होती. मिळाले ते थोडेसे पीठ आणि मोजके बैल.

कावेरीच्या मुखाकडचा हा प्रदेश नकाशावर सपाट दिसतो. टेकडी नाही, जंगल नाही. नवखा खेळाडू म्हणेल, इथे सैन्य भराभर चालेल. पण जून-जुलैत पश्चिम घाटात पाऊस लागला की कावेरीला पाणी येते आणि ते शेकडो पाटांनी खोरेभर पसरते. शेतात चिखल असतो आणि वाट असते ती बांधावरून. एका बांधावरून एकाच वेळी किती गाड्या जाणार? अवजड तोफेचा गाडा रुतला की मागची सगळी रांग थांबते. पाँडिचेरी सोडल्यापासून तंजावरच्या तटापुढे येईपर्यंत लालीला बरोबर महिना लागला. १८ जुलै उजाडला.

या महिन्यात प्रतापसिंहराजे काय करत होते? ते बोलणी करत होते. दूत जात होते, येत होते, रकमेवर घासाघीस चालली होती. लाली तापट होता. ही टोलवाटोलवी आहे हे त्याला कळत होते, तरी पैशाची आशा सुटत नव्हती. याच बोलण्यांत त्याने एक मोठी चूक केली. रकमेबरोबर त्याने गाडीचे बैल आणि बंदुकीची दारूही मागितली. दारू मागणारा शत्रू आपले कोठार रिकामे असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगत असतो. राजांनी ते ओळखले नसेल असे मानायला जागा नाही. त्यांनी तिरुचिरापल्लीच्या इंग्रज ठाण्याकडे मदत मागितली आणि तिथून कॅप्टन कॅलॉडने पाठवलेले शिपाई शहरात दाखल झाले. राजांचा सेनापती मानोजी याचे घोडदळ बाहेर मोकळे होते आणि फ्रेंच छावणीकडे येणारी रसद मारत होते. वेढा घालणारा कोण आणि वेढ्यात सापडलेला कोण, हे सांगणे दिवसेंदिवस कठीण होत चालले.

२ ऑगस्टला फ्रेंच तोफा सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, नागपट्टणम-कारैकालच्या समुद्रात इंग्रज आरमाराचा प्रमुख पोकॉक आणि दाशे यांची लढाई झाली आणि दाशे मागे हटला. ही बातमी छावणीत यायला काही दिवस गेले. तोवर तटाला खिंडार पडू लागले होते. आणखी थोडा जोर लावला तर शहर हाती येईल अशी वेळ होती आणि नेमकी तेव्हाच बातमी आली : समुद्र इंग्रजांचा झाला आहे, कारैकाल धोक्यात आहे. कारैकाल गेले तर परतीची वाट गेली. धान्य अवघ्या काही दिवसांचे आणि काडतुसे हातावर मोजण्याइतकी उरली होती. लालीने अधिकाऱ्यांना बोलावून विचारले. हल्ला करावा असे म्हणणारेही होते, पण निर्णय झाला तो माघारीचा. १० ऑगस्टला मानोजीने पहाटेच छावणीवर हल्ला चढवला. तो परतवला गेला, पण त्याच रात्री फ्रेंच निघाले. ज्या जड तोफा चिखलातून महिनाभर ओढून आणल्या होत्या त्यांचे कान मेखा ठोकून बंद केले आणि त्या तिथेच टाकल्या. किनाऱ्यापर्यंत मराठा घोडदळ पाठीवर होते. कारैकालला पोहोचल्यावर समोर पाहिले तर समुद्रात इंग्रज जहाजे उभी.

मोठी समोरासमोरची लढाई न हरता लाली हरला. आपल्याला पानिपत माहीत आहे. तिथेही भाऊसाहेबांच्या फौजेची उपासमार लढाईच्या आधी झाली होती. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्याच आठवड्यात इकडे दक्षिणेत लालीने पाँडिचेरी इंग्रजांच्या स्वाधीन केली, तीही उपासमारीनेच. हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अभ्यासू खेळाडूंना जो खेळ आवडतो तो हाच महिना त्यांच्यापुढे मांडतो. ‘राइज ऑफ प्रशिया’ नावाचा २०१० चा एक फ्रेंच खेळ आहे. त्यात याच सात वर्षांच्या युद्धाची युरोपातली रणभूमी आहे, म्हणजे १७५८ सालीही त्यात आहे. तिथे सैन्याबरोबर रसदीच्या गाड्या न्याव्या लागतात, कोठारे बांधावी लागतात, हिवाळ्यात वणवण केली तर माणसे गळतात. शिवाय दोन्ही बाजू आपापले हुकूम आधी लिहितात आणि मग ते एकाच वेळी अमलात येतात. शत्रू कुठे आहे ते पुसट दिसते, कधी दिसतही नाही. तुम्ही ज्या गावावर चालून जाता तिथे पोहोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो. ‘कॉम्बॅट मिशन’ या २००० साली सुरू झालेल्या मालिकेत हीच पद्धत पलटणीच्या पातळीवर आहे : एका मिनिटाचे हुकूम द्यायचे आणि मग ते मिनिट हात बांधून पाहत बसायचे. मध्येच ओरडून कोणाला थांबवता येत नाही.

नव्या माणसाला हे सगळे जाचक वाटते. मुरलेल्या खेळाडूला त्यातच रस असतो. बुद्धिबळात समोरच्याची प्रत्येक सोंगटी दिसते, प्रत्येक सोंगटी हुकूम पाळते आणि घोड्याला चारा लागत नाही. म्हणून बुद्धिबळ थोर खेळ असूनही ते युद्धाचे चित्र नाही. वास्तव युद्धखेळात निर्णय घ्यायचा तो अर्धवट माहितीवर, अपुऱ्या साधनांनी आणि वेळ हातातून निसटत असताना. तो निर्णय बरोबर ठरला तर होणारा आनंद निशाणा लागल्याच्या आनंदाहून निराळा असतो. आणि चुकला तर कारण शोधता येते. दहा फेऱ्या मागे जाऊन पाहिले की सापडते : त्या दिवशी गाड्या मागे ठेवल्या, तिथून सगळे बिघडत गेले. पराभवाचे मूळ हल्ल्याच्या दिवशी नसून तीन आठवडे आधीच्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या निर्णयात होते, हे खेळाडूला स्वतःच्या हाताने कळते. मी कित्येक वर्षे वर्गात रसदीचे महत्त्व फळ्यावर लिहीत आलो आहे. ते मुलांच्या वहीत उतरते. एकदा स्वतःची पलटण चिखलात उपाशी ठेवलेल्या मुलाला ते लिहून द्यावे लागत नाही.

ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. प्रशियाच्या सैन्यातला लेफ्टनंट राइसविट्झ याने १८२४ साली वडिलांच्या खेळात सुधारणा करून खऱ्या मोजमापाच्या नकाशावरचा युद्धखेळ मांडला. दोन बाजू वेगळ्या बसत, हुकूम चिठ्ठीवर लिहीत आणि मध्ये एक पंच असे. कोणाला काय दिसेल ते पंच ठरवी आणि नुकसान फाशांवरून काढी. प्रशियाचा सेनाप्रमुख आधी कंटाळलेल्या मनाने पाहायला बसला आणि शेवटी त्याने हा खेळ सगळ्या सैन्यात पाठवण्याची शिफारस केली. आज संगणक करतो ते काम मुख्यतः त्या पंचाचे. तो हिशेब न थकता करतो, आणि पंच म्हणून त्याचा मोठा गुण असा की तो हुद्दा ओळखत नाही.

हुद्दा ओळखणारा पंच काय करतो याचे उदाहरण प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत हवे. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेचा सराव ‘यामातो’ या जहाजावर नकाशावर केला. अमेरिकी विमानांच्या हल्ल्याचे फासे पडले आणि नऊ बॉम्ब लागले असा निकाल आला. ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. सरावाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘आकागी’ वाचली. ‘कागा’ बुडाली खरी, पण पुढच्या टप्प्यात तीही पुन्हा तरंगू लागली. जपानी अधिकारी फुचिदा याने युद्धानंतर हे लिहून ठेवले आहे. महिन्याभराने, ४ जूनला, खऱ्या समुद्रात त्या दोन्ही नौकांची गत फाशांनी सांगितल्यासारखीच झाली आणि आणखी दोन बरोबर गेल्या. खेळ सांगत होता; ऐकायचे नव्हते. तुमच्यापैकी जो हरत आला की जुना डाव पुन्हा उघडून ती फेरी बदलतो, त्याने उगाकींची आठवण ठेवावी.

आपल्याकडेही हे काम गंभीरपणे होते. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची दिल्लीतली एक संस्था तिन्ही दलांसाठी युद्धखेळांच्या संगणकप्रणाली तयार करत आली आहे. ‘कमांड’ या आधुनिक हवाई-सागरी युद्धावरच्या खेळाची तर खास संरक्षण संस्थांसाठी वेगळी आवृत्ती निघते. त्या खेळात रडार कोणत्या उंचीवरचे विमान किती अंतरावरून पाहील, हा हिशेब खेळाडूला सतत करावा लागतो. जाता जाता एक गोष्ट : २०२० च्या जानेवारीत तंजावरच्या हवाई तळावर सुखोई विमानांची ‘टायगरशार्क्स’ ही तुकडी दाखल झाली. ब्राह्मोस क्षेपणास्त्र घेऊन समुद्रावर दूरवर मारा करणे हे तिचे एक मुख्य काम आहे. १७५८ साली तंजावरच्या तटाचे भवितव्य समुद्रावर ठरले होते. नकाशा तोच आहे.

मात्र पालकांच्या शंकेला अर्धे उत्तर देऊन चालणार नाही. या खेळांत न मोजलेलेही बरेच काही असते. पाँडिचेरीहून निघताना लालीने ओझी वाहायला आणि गाडे ओढायला रहिवाशांना जबरदस्तीने पकडले, कोणाची जात, प्रतिष्ठा काही पाहिले नाही. तंजावरच्या वाटेवर किवळूरच्या देवळात खजिना शोधण्यासाठी खणाखण केली, तलाव उपसले, हाती काही लागले नाही. हेर असल्याच्या संशयावरून देवळातल्या सहा ब्राह्मणांना त्याने तोफेच्या तोंडी दिले. मुलूख त्याच्यावर उलटला, गावे रिकामी झाली, उखळ-मुसळही मिळेना, याचे एक कारण इथे आहे. खेळात हे दाखवायचे ठरले तर ‘रसद उणे दोन’ असा एखादा आकडा पडद्यावर येईल. त्या सहा माणसांच्या घरी काय झाले ते आकड्यात येत नाही. खेळणाऱ्याच्या पोटात भूक नसते, पायाला फोड नसतात आणि डाव संपल्यावर जेवायची घंटा होते. जो मुलगा खेळात चांगला सेनापती आहे तो पलटणीसमोर चांगला उभा राहील असे मी म्हणणार नाही. त्यासाठी कवायतीचे मैदान आहे, रात्रीचा पहारा आहे आणि आजारी सोबत्याची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेणे आहे.

वेळेचाही प्रश्न आहेच. हे खेळ व्यसन लावू शकतात, मोठ्यांनाही लावतात. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन खेळाडू, एक नकाशा आणि शेजारी वही, अशी शिस्त ठेवली तर बरे. वहीत प्रत्येक फेरीच्या आधी तीन वाक्ये लिहावीत : शत्रू कुठे आहे असे मला वाटते, मी काय करणार, आणि ते का. खेळ संपल्यावर ती वही वाचताना जे शिकायला मिळते ते खेळताना मिळत नाही. वही न ठेवता खेळणाऱ्याला मी करमणूक करणारा म्हणेन. करमणूक वाईट नाही, पण मग तिला अभ्यास म्हणू नये.

संगणक नसेल तर अडत नाही. पुढच्या सत्रात आपण हा वेढा कागदावर खेळणार आहोत. भूगोलाच्या वर्गातला कावेरीच्या खोऱ्याचा मोठा नकाशा भिंतीवरून खाली घ्यायचा आणि त्यावर पाँडिचेरी, देवीकोट्टई, कारैकाल, नागूर, तिरुवारूर, तंजावर आणि तिरुचिरापल्ली या खुणा करायच्या. एक फेरी तीन दिवसांची. फ्रेंच बाजू पाँडिचेरीहून १८ जूनला निघेल. बैलगाड्या किती न्यायच्या ते तिने निघण्याआधी लिहून पंचाकडे द्यायचे, नंतर बदल नाही. तंजावरच्या बाजूला घोडदळाच्या तीन तुकड्या आणि एक दूत. दूताने बोलणी लांबवली तर फ्रेंचांची फेरी जाते, पण दर वेळी राजाला काहीतरी रक्कम मोजावी लागते. समुद्रावर काय झाले ते फक्त पंचाला ठाऊक असेल आणि तो ही बातमी दोन फेऱ्या उशिराने देईल. पंच वरच्या वर्गाचा असेल, आणि त्याने दिलेला निकाल मीही बदलणार नाही.

खेळू इच्छिणाऱ्यांनी त्याआधी एका पानात उत्तर लिहून द्यावे : ८ ऑगस्टला तटाला खिंडार पडते आहे, कारैकालची बातमी आली आहे, छावणीत धान्य थोडे आहे, आणि आत किती शिपाई आहेत ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही लालीच्या जागी आहात. हल्ला कराल की माघार घ्याल, आणि माघार घेतलीत तर जखमींना कोणत्या गाड्यांतून न्याल?